एआरटीच्या गोळीसाठी ॲप बरं की ताईंचा व्हॉट्सॲप? दोन्ही वापरून झालंय म्हणून लिहितोय

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं रोजचं औषध, चालू असलेल्यांसमोर हल्ली दोन पर्याय येतात. एक म्हणजे फोनमधलं ॲप, त्यात गोळीचा अलार्म आणि माहितीचे व्हिडिओ. दुसरा म्हणजे समुपदेशक ताईंशी व्हॉट्सॲपवर थेट बोलणं, ग्रुप नाही, फक्त त्या आणि आपण.

माहितीच्या बाबतीत ॲप खरंच चांगलं आहे. सेंटरवर मागे लाइन लागलेली असते, तिथे जे विचारायला जीभ रेटत नाही ते रात्री हेडफोन लावून परत परत ऐकता येतं. डोल्युटेग्राविर (एआरटीतलं एक औषध) घेताना ॲसिडिटीचं जेल मधे येऊ द्यायचं नाही, गोळी जेलच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर, हे मला व्हिडिओतच नीट समजलं. फक्त व्हिडिओ टीएलडीबद्दलचा, म्हणजे डोल्युटेग्राविर असलेल्या तीन औषधांच्या एकत्र गोळीबद्दलचा आहे ना एवढं बघा, कारण जुन्या व्हिडिओत एफाविरेन्झ या आधीच्या औषधाच्या वेळचं "रात्री झोपतानाच घ्या" सांगितलेलं असतं आणि टीएलडीला तशी सक्ती नाही.

आता माझं ॲपवरून मन उडालं ते कशामुळे, तर त्या अलार्ममुळे. मी जे वापरलं त्यात आवाज बंद करायचा तर "घेतली" नाहीतर "नंतर" यातलं एक दाबावंच लागायचं. आता तुम्ही एसटीत उभे आहात, बाटली बॅगेत तळाशी, शेजारचा फोनमध्ये डोकावतोय, अशा वेळी बोट "घेतली" वरच जातं, कारण "नंतर" दाबलं तर ते दहा मिनिटांनी परत कोकलणार. मग रात्री घरी आल्यावर ॲप म्हणतं घेतली, आणि आपल्याला आठवत नाही, की बसा बाटलीतल्या गोळ्या मोजत. महिनाअखेरीला ॲपमध्ये सगळं हिरवंगार दिसायचं, पण गोळी का राहिली हे त्याने एकदाही विचारलं नाही.

ताईंचा मेसेज आठवड्यातून एकदाच येतो, "कसं चाललंय?" एवढाच. आजाराचं नाव नाही, औषधाचं नाव नाही, त्यामुळे घरात कुणी वाचला तरी काही कळत नाही. बरं चाललंय लिहिलं की विषय संपला, अडचण आहे लिहिलं की त्या फोन करतात. लग्नाला घर पाहुण्यांनी भरलेलं, गोळी घ्यायला कोपरा मिळेना, तेव्हा त्यांनीच सुचवलं की वेळ सकाळी आंघोळीनंतरची करा आणि मग तीच धरून ठेवा. हे ॲपला कसं सुचणार?

केनियात असाच प्रयोग झाला होता, दर आठवड्याला नर्सचा एसएमएस जायचा आणि ४८ तासांत उत्तर नाही आलं किंवा अडचण कळवली तर त्या स्वतः फोन करायच्या, तिथे गोळ्या घेणं आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दोन्ही सुधारल्याचं २०१० मध्ये छापून आलं. उलट आपल्याकडे दक्षिण भारतात मशीनचे कॉल आणि चित्रांचे मेसेज पाठवून बघितले, २०१४ मध्ये निकाल आला तर काही फरक नाही. देश वेगळे, पेशंट वेगळे, त्यामुळे यावरून छातीठोक काही सांगता येणार नाही, पण माझा अनुभव याच बाजूचा आहे.

ताईंच्या बाजूनेही अडचणी आहेत. त्या रजेवर जातात, बदली होते, रात्री अकराला उत्तर येत नाही, तेव्हा १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे. आणि कुणी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ॲड करतो म्हटलं तर सरळ नाही म्हणा, तिथे सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे काही ठरावीक अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय तुमचं स्टेटस उघड करता येत नाही, त्यामुळे नाही म्हणताना संकोच नको.

गोळी अंगवळणी पडली असेल, व्हायरल लोड दबलेला असेल तर ॲप पुरेसं होईल बहुतेक. पण औषध नुकतंच चालू झालं असेल किंवा घरात कुणाला माहीत नसेल तर मी तरी म्हणेन आधी ताईंचा नंबर घ्या, आणि ॲप ठेवायचंच असेल तर व्हिडिओपुरतं ठेवा, अलार्म बंद करून.