कुमार बर्वेंची कारकीर्द तपासायची तर: मेरीलँड विधिमंडळाची वेबसाइट

सोलापूर विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्रकल्पासाठी अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा आमदार निवडायचा असेल, तर कुमार बर्वे घ्या. १९९० साली मेरीलँडच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आलेले बर्वे हे अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळात पोचलेले पहिले भारतीय वंशाचे आमदार. २००३ ते २०१५ ते बहुमतातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे सभागृहातले नेते होते. मग २०२३ पर्यंत पर्यावरण व वाहतूक समितीचे अध्यक्ष. त्यांचं काम मुळातून तपासायला तिथल्या विधिमंडळाची वेबसाइट उत्तम आहे. फुकट आहे, नुसतं बघायला नोंदणीही लागत नाही.

सभागृहाची रचना आधी डोक्यात पक्की करा. आपल्याकडे शहर उत्तर, शहर मध्य आणि दक्षिण सोलापूर या तीन मतदारसंघांचे तीन आमदार. मेरीलँडमध्ये ४७ विधिमंडळ जिल्हे (म्हणजे मतदारसंघच) आणि कनिष्ठ सभागृहात १४१ सदस्य, म्हणजे एका जिल्ह्यातून तीन जण. १७ क्रमांकाच्या जिल्ह्यात बर्वेंसोबत आणखी दोन नावं दिसतात, ती यामुळेच.

विधेयक शोधताना क्रमांकाबरोबर वर्ष निवडाच. क्रमांक दर अधिवेशनात पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे वर्ष चुकलं की भलतंच विधेयक उघडतं. मसुद्याला थेट हात घालू नका. सोबत जोडलेली आर्थिक व धोरणविषयक टिपणी आधी वाचा. ती निःपक्ष कर्मचारी तयार करतात आणि सोप्या इंग्रजीत असते. मग मसुदा उघडा: कॅपिटल अक्षरांतला मजकूर कायद्यात नव्याने घातलेला, चौकटी कंसातला काढून टाकलेला. एवढं लक्षात ठेवलं की नेमका बदल काय झाला ते लगेच कळतं.

या साइटची खरी ताकद मतदानात आहे. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने जातात, कोण कुठे होतं त्याची नोंद मागे राहत नाही. तिथे अंतिम मंजुरीला नावनिशी मत नोंदवावंच लागतं, किमान ७१ मतं लागतात आणि ती यादी इथे कुणालाही उघडता येते. आमदाराच्या भाषणापेक्षा ही यादी जास्त बोलते.

बहुतेक प्रकल्प फसतात ते मात्र पुढच्या गोष्टीत. सदस्याच्या नावावरची विधेयकं मोजली आणि कामाचा हिशेब मांडला, असं समिती अध्यक्षाच्या बाबतीत चालत नाही. सरकारी खात्यांची विधेयकं समिती अध्यक्षाच्या पदनामाने, खात्याच्या विनंतीवरून अशी नोंद करून येतात. ती त्या व्यक्तीची समजू नका. उलट २०२२ चा हवामान कायदा, सिनेट (वरिष्ठ सभागृह) विधेयक ५२८, मांडला सिनेटर पॉल पिन्स्की यांनी. बर्वेंच्या नावाच्या यादीत तो शोधून उपयोग नाही, पण विधेयकाचा इतिहास उघडला की दुरुस्त्यांसह शिफारस करणारी त्यांचीच समिती दिसते. २००६ च्या तुलनेत २०३१ पर्यंत हरितगृह वायूंमध्ये ६० टक्के घट, असं त्यातलं उद्दिष्ट. म्हणून अध्यक्षाचा अभ्यास समितीच्या अहवालांवरून करा.

माजी सदस्यांचा जीवनपट मेरीलँड राज्य अभिलेखागाराच्या साइटवर वेगळा मिळतो. दोन्ही टॅब शेजारी उघडे ठेवा.

कामकाजाचं थेट प्रक्षेपण बघायचं तर वेळेचं गणित: अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होऊन ९० दिवस चालतं. तिथल्या दुपारी एकची समितीची सुनावणी सोलापुरात रात्री साडेअकराला दिसते, मार्चमध्ये तिथली घड्याळं पुढे गेली की साडेदहाला. एप्रिलमधलं शेवटच्या दिवसाचं कामकाज तिथे मध्यरात्री आटोपतं, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात.