'6 जीबी ग्राफिक्स'च्या नावाखाली मला 2 जीबीचं कार्ड विकलं

दीड महिना हे लिहू की नको, असं चाललं होतं. लाज वाटते, खोटं कशाला बोलू. पण परवा ओळखीतल्या एका मुलाने अगदी तसंच स्टिकर असलेल्या लॅपटॉपचा फोटो दाखवून विचारलं, "ताई, हा घेऊ का?" आणि राहवलं नाही.

14 महिने पैसे बाजूला टाकून मी लॅपटॉप घेतला. तोच प्रोसेसर, तोच स्क्रीन, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं काढणारा, स्वतःची मेमरी असलेला भाग) नसलेलं मॉडेल शेजारीच ठेवलं होतं. त्याच्यापेक्षा मी 31 टक्के जास्त मोजले. झाकणावर स्टिकर होतं: '6 जीबी ग्राफिक्स, गेमिंग रेडी'. ते 31 टक्के निव्वळ त्या सहासाठी होते. कार्डाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कार्ड खोटं नाही, त्याच्याबद्दल मला जे सांगितलं गेलं ते खोटं होतं.

कुणी म्हणेल, न वाचता गेलीस कशाला? मी वाचून गेले होते. मला सायबरपंक 2077 खेळायचा होता. त्याच्या जून 2023 मध्ये जाहीर झालेल्या किमान गरजांमध्ये जीटीएक्स 1060 हे ग्राफिक्स कार्ड, 6 जीबी, असं लिहिलं आहे आणि रॅम, म्हणजे लॅपटॉपची साधी मेमरी, 12 जीबी. लॅपटॉपात रॅम 8 होती, पण एक स्लॉट रिकामा होता, म्हणजे ती वाढवता येणार. ग्राफिक्स 6 हवं, तर 6 आहे. जुळलं. ज्याचा हा धंदा नाही, त्या माणसाने आणखी काय तपासायचं?

तरीही मी विक्रेत्याला म्हटलं, सहा जीबी आहे हे मला दाखवा. त्याने कार्डाचं कंट्रोल पॅनेल उघडलं, 'सिस्टिम इन्फर्मेशन'वर क्लिक केलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. टोटल अव्हेलेबल ग्राफिक्स मेमरी: 6092 एमबी. "बघा मॅडम, सहा जीबी. यावर काहीही चालेल." मी मान डोलावली. मोबाइलवर त्या खिडकीचा फोटोसुद्धा काढला.

तो फोटो आज माझ्यासमोर आहे. त्याच्या बोटाच्या लगेच खालची ओळ: डेडिकेटेड व्हिडिओ मेमरी (कार्डाची स्वतःची), 2048 एमबी, म्हणजे 2 जीबी. त्याखाली: शेअर्ड सिस्टिम मेमरी (लॅपटॉपच्या रॅममधून उसनी), 4044 एमबी. आणि बोटाच्या वर, तेही स्पष्ट दिसतंय, मेमरी इंटरफेस, म्हणजे कार्ड आणि त्याच्या मेमरीमधल्या वाटेची रुंदी, 64 बिट. सगळं खरं त्याच खिडकीत होतं. एक ओळ खाली वाचली असती तर मी तिथून उठले असते. आकड्यांच्या तक्त्यांवर नजर फिरवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि नेमकं तिथे मी बोट दाखवलं तेवढंच वाचलं. कितीदा तरी रात्री हाच प्रसंग डोळ्यांसमोर येतो.

नंतर त्याने एक गेम चालवून दाखवला. हलकाफुलका, रिझोल्यूशन 1280 बाय 720 वर उतरवलेलं, जेमतेम चार मिनिटं. विक्रेत्याने लावलेल्या गेमवर कधीही विश्वास ठेवू नका. तुम्हाला हवा तो गेम, स्क्रीनच्या पूर्ण रिझोल्यूशनवर, किमान 20 मिनिटं चालवायला लावा. पातळ लॅपटॉप तापायला तेवढा वेळ लागतो, आणि तापल्यावर कार्ड आपला वेग कमी करतं. तो नाही म्हणाला तर तिथून निघा.

घरी आल्यावर सायबरपंक सगळ्यात खालच्या सेटिंगवर सेकंदाला 9 ते 11 फ्रेम, म्हणजे चित्रं, देत होता. खेळायला निदान 30 तरी लागतात. मला वाटलं, रॅम कमी पडत असेल. अकराव्या दिवशी आणखी 8 जीबी रॅम घालून घेतली, त्याचे पैसे वेगळे. फ्रेम एक-दोनच वाढल्या. म्हणून पुन्हा तीच खिडकी उघडली. आता तिथे लिहिलं होतं: 10188 एमबी. कार्ड मदरबोर्डला कायमचं जोडलेलं, त्याची मेमरी रातोरात चार जीबीने वाढली? तेव्हा मी पहिल्यांदा खालच्या ओळी वाचल्या. डेडिकेटेड होती तेवढीच, 2048. शेअर्ड झाली होती 8140. म्हणजे ते 'सहा' कार्डाचं नव्हतंच. विंडोज गरज पडल्यास आपल्या साध्या रॅमपैकी साधारण निम्मी ग्राफिक्सला वापरू देतं, आणि ही निम्मी रॅम मिळवून स्टिकर छापलं होतं. माझीच रॅम मला ग्राफिक्स म्हणून दुसऱ्यांदा विकली.

ही उसनी मेमरी कार्डाच्या मेमरीची जागा घेऊ शकत नाही. माझ्या कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला 40 जीबी. ती भरली की गेमचा माल साध्या रॅममधून पीसीआय एक्स्प्रेस या, कार्डाला लॅपटॉपशी जोडणाऱ्या वाटेच्या चार लेनवरून येतो, तिथे सेकंदाला 4 जीबीसुद्धा पूर्ण मिळत नाहीत. गेम मध्येच गचके खात थांबतो तो यामुळे. आणि ज्या जीटीएक्स 1060 शी मी माझं 'सहा' जुळवत होते, ते डेस्कटॉपचं कार्ड 192 बिटचं, सेकंदाला 192 जीबीचं, 120 वॅट खाणारं. किमान गरजांच्या यादीत सहसा डेस्कटॉपची कार्डं असतात. नुसता जीबीचा आकडा जुळवू नका.

वॅटचंही असंच: कार्डाला वीज कमी मिळाली की ते हळू चालतं. 2018 मध्ये एमएक्स150 या कार्डाबाबत उघडकीला आलं होतं की एकाच नावाखाली दोन कार्डं विकली जात होती: एक 25 वॅटचं, 1468 मेगाहर्ट्झचं, दुसरं 10 वॅटचं, 937 मेगाहर्ट्झचं. खोक्यावर फरक नाही. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावलं की क्लॉक (मेगाहर्ट्झमधला वेग), बस (मेमरीच्या वाटेची रुंदी), मेमरीचा प्रकार, सगळं दिसतं. ते पेन ड्राइव्हवर घेऊन जा. 4 जीबीची लॅपटॉपची आरटीएक्स 3050 सुद्धा 35 पासून 80 वॅटपर्यंत मिळते, तेव्हा नाव ऐकून खूश होऊ नका, वॅट विचारा. आरटीएक्स 2050 ची मेमरी बस 64 बिट, या 3050 ची 128. कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, दोन्हीकडे 2048 च. हे तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही.

आता तक्रारीचं. बाराव्या दिवशी विक्रेत्याकडे गेले. "खोकं उघडलंय, परत घेता येणार नाही." मग म्हणाला, परत घेतो, पण 35 टक्के कापून. बारा दिवस वापरलेल्या वस्तूचे 35 टक्के! कंपनीच्या हेल्पलाइनला 23 दिवसांत 7 फोन केले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी. एकीने सांगितलं, विंडोजमध्ये सहा जीबी दिसतंय ना, मग दावा बरोबरच आहे. दुसऱ्याने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकायला लावला. ड्रायव्हरने मेमरी वाढते का? सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप 5 दिवस ठेवून घेतला आणि 'हार्डवेअरमध्ये दोष आढळला नाही' असा कागद दिला. दोष आहे असं मी म्हटलंच नव्हतं! शिवाय मी रॅम घातली म्हणून वॉरंटीचं बघावं लागेल, अशी वर धमकी.

तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्यांनी तांत्रिक प्रमाणपत्र मागितलं. ते देऊ शकणारं सर्व्हिस सेंटर म्हणतं, आम्ही दोष नाही एवढंच लिहून देऊ शकतो. या खिडकीतून त्या खिडकीत मला टोलवत राहिले, आणि एके दिवशी मेसेज आला: 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.' कोणाचं समाधान? मला एक फोनही केला नाही. माहिती समोर ठेवली, फोटो ठेवला, आकडे ठेवले, ते कोणी उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. ज्यांना पगारच यासाठी मिळतो, त्यांना डेडिकेटेड आणि शेअर्डमधला फरक दोन मिनिटांत समजावून घ्यावासा वाटू नये, याचा मला फसवणुकीपेक्षा जास्त संताप येतो.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून बरी झाली. बिलावर मी तपशील लिहून घेतला होता, आणि विक्रेत्याने स्वतःच्या हाताने '6 जीबी ग्राफिक्स कार्ड' असं लिहिलं आहे. मेमरी नव्हे, कार्ड. तुम्ही 'डेडिकेटेड मेमरी किती' हेही लिहून घ्या, सही-शिक्क्यासकट. त्या मुलालाही मी हेच सांगितलं. तो विचारायला गेला, तर लिहून द्यायला विक्रेता तयार झाला नाही, आणि मुलगा रिकाम्या हाताने परत आला.

माझा दुसरा अर्ज सोमवारी गेला. सोबत बिल, 6092 चा फोटो आणि 10188 चा फोटो जोडला आहे.