डोक्याच्या दुखापतीनंतर टीएमएस की टीडीसीएस? आमच्या घरचा अनुभव

शस्त्रक्रियेत काढून पोटाच्या कातडीखाली जपून ठेवलेलं कवटीचं हाड परत बसवून झालंय, फिटच्या गोळ्या चालू आहेत, फिजिओथेरपी रोज होतेय, पण माणसाचं लक्ष टिकत नाही आणि बोलताना शब्द सापडत नाहीत. इथवर आलेल्या घरांसाठी हे लिहितोय. माझ्या धाकट्या भावाचा सिंहगड रस्त्यावर दुचाकीचा अपघात झाला. त्याच्यासाठी आम्ही दोन्ही उपचार करून पाहिले: टीएमएस, म्हणजे डोक्याला टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून (कॉइल) चुंबकीय झटके देऊन मेंदूला चेतवणं, आणि टीडीसीएस, म्हणजे डोक्यावर ठेवलेल्या ओल्या स्पंजांमधून अगदी सौम्य वीजप्रवाह देणं.

आईचा पहिला प्रश्न होता, "त्याला शॉक देणार का रे?" भूल देऊन जो शॉक देतात, त्यात करंट 800 मिलिअँपिअरच्या आसपास असतो. टीडीसीएसमध्ये तो 1 ते 2 मिलिअँपिअर. टीएमएसमध्ये तर डोक्याला वायर लागतच नाही, कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आतल्या आत करंट तयार होतो. तेव्हा ही भीती दोन्हीकडे नको.

कागदावर टीएमएस उजवं दिसतं, मलाही तेच वाटलं होतं. अमेरिकेत नैराश्यासाठी त्याला 2008 पासून मान्यता आहे. अंगठा हलेपर्यंत ताकद वाढवत नेऊन प्रत्येकाची मात्रा वेगळी ठरवतात, ते बघून विश्वास बसतो. टीडीसीएसचा करंट पसरट. तो पेशींना चेतवत नाही, चेतायला थोडं सोपं करतो, एवढंच. अर्थात मेंदूच्या दुखापतीसाठी दोन्ही अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहेत, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केलं होतं.

आमचं गाडं अडलं ते आवाजावर. मार लागल्यापासून भावाला आवाज सोसत नाही. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात. ढोल-ताशांचा सराव सुरू झाला तेव्हा त्याला भोरला मावशीकडे नेऊन ठेवावं लागलं. टीएमएसची कॉइल प्रत्येक पल्सला टक् करते, 10 हर्ट्झला सेकंदाला दहा वेळा, आणि तीही कवटीला टेकवलेली. इअरप्लग देतात, पण आवाज हाडातूनही पोचतो. चौथ्या दिवशी तो खुर्चीत बसेना. "दादा, नको," म्हणाला. त्या आठवड्यात त्याला आपणहून सापडलेले शब्द तेवढेच. मी त्याला घरी घेऊन आलो.

टीडीसीएसचाही त्रास आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजमुळे केस चिकटतात, पाणी मानेवर ओघळतं, पहिली काही मिनिटं खाज येते, कपाळावर लाल डाग उठतो. पण खोली शांत राहते. शांतता असल्यामुळे त्या वीस मिनिटांत स्पीच थेरपिस्ट शेजारी बसून चित्रं दाखवू शकतात: कात्री, किल्ली, खराटा. करंट चालू असताना मेंदूकडून काम करून घ्यावं, असाच विचार या उपचारामागे आहे, आणि आमच्याकडे कॉइलच्या टकटकीत ते जमलंच नसतं. तिसऱ्या आठवड्यात समोर चित्र नसताना त्यानं विचारलं, "गाडीची किल्ली कुठंय?" श्रेय करंटचं, थेरपिस्टचं की उलटलेल्या महिन्यांचं, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

तुमच्या माणसाला आवाजाचा त्रास नसेल आणि अपघातानंतर नैराश्य फार असेल, तर टीएमएसबद्दल जरूर विचारा. डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असेल तर ते आधी सांगा. टीएमएसनं क्वचित फिट येऊ शकते, आणि जखमी मेंदूत ही शक्यता हलक्यात घ्यायची नसते. हाड अजून बसवलं नसेल तर टीडीसीएसलाही थांबावं लागू शकतं, कारण करंट त्या मोकळ्या जागेकडे ओढला जातो. ऑनलाइन मशीन मागवून घरी प्रयोग मात्र करू नका.

2023 मध्ये अमेरिकेत मेंदूला मार लागलेल्या पाच रुग्णांच्या थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या आत खोलवर असलेला भाग) इलेक्ट्रोड बसवून झालेल्या अभ्यासाबद्दल नातेवाईक विचारतात. ती शस्त्रक्रिया आहे, आणि रुग्ण पाचच. आमच्या निर्णयात ती आलीच नाही.

टीएमएसच्या पॅकेजचे पैसे भरण्याआधी एक करा. पेशंटला इअरप्लग घालून शेजारी बसवा, कॉइल डोक्याला न लावता पाच मिनिटं चालू ठेवायला सांगा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा.