कॅलेंड्युला, कोकमतेल, शतधौत घृत आणि हिवाळ्यातलं ऊन: चार महिन्यांच्या वापरानंतर

वापराचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ठिकाण नाशिक-निफाडचा पट्टा. इथली थंडी कोरडी. सकाळी दुचाकीवर बोटं बधिर होतात आणि दुपारी बाराला त्याच हातांवर ऊन चटचटतं. घरात त्वचाही तीन तऱ्हेच्या: एक तेलकट, दोन कोरड्या आणि एक साठीपुढची, टाचा भेगाळलेली. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. कोरडेपणावर होमिओपॅथिक मलम आणि घरगुती स्निग्ध पदार्थ छान चालले. उन्हावर त्यांतलं काहीही चाललं नाही, तिथे झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीनच लागलं. पोटात घ्यायच्या होमिओपॅथिक गोळ्यांनी काही फरक पडला नाही.

पहिलं कॅलेंड्युला मलम. कॅलेंड्युला म्हणजे आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू नव्हे. झेंडू टॅजेटिस, ही कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस. कुळ एक, झाड वेगळं. म्हणून झेंडूच्या पाकळ्या तेलात उकळून 'घरचं कॅलेंड्युला' करायला जाऊ नका. बाजारातल्या होमिओपॅथिक ट्यूबमध्ये बहुतेक वेळा मूळ अर्क पेट्रोलियम जेलीत मिसळलेला असतो. घेताना घटकांची ओळ वाचाच.

लावायची पद्धत सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं. कोरड्या त्वचेवर मलम चोळलं तर ते नुसतं चिकट लागतं. अंघोळ झाली, भांडी घासून झाली, की हात टिपून घ्यायचे, पुसून खडखडीत कोरडे करायचे नाहीत. त्वचा दमट असताना, दोन-तीन मिनिटांच्या आत, मुगाच्या दाण्याएवढं मलम एका चिरेला. बोटांची टोकं, नखांच्या कडेची सालपटं, नाकपुडीची कड, ओठांचे कोपरे या जागांना ते उत्तम. रात्री लावून वर सुती हातमोजे घातले, तर बोटाची साधी चीर तीन-चार रात्रींत मिटते. चेहऱ्याच्या तेलकट भागावर मात्र लावू नये, पुटकुळ्या येतात.

यात काम कोण करतं, हे पाहायला तीन आठवडे डाव्या हाताला कॅलेंड्युला मलम आणि उजव्या हाताला साधी पेट्रोलियम जेली लावली. कोरड्या चिरांत दोन्ही हात सारखेच सुधारले. पेट्रोलियम जेली त्वचेतून उडून जाणारं पाणी जवळजवळ पूर्ण अडवते, म्हणून हे व्हायचंच होतं. याचा अर्थ कॅलेंड्युला निरुपयोगी असा नाही. रेडिएशन उपचारात त्वचा भाजू नये म्हणून लावलेलं कॅलेंड्युलाचं मलम उपयोगी पडल्याचा फ्रान्समधला २००४ चा अभ्यास आहे. पण तिथे त्रास वेगळा होता.

आता गोळ्या. हिवाळ्यात हाताला चिरा पडतात, बोटांची टोकं फाटतात, अशा लक्षणांवर होमिओपॅथीत 'पेट्रोलियम' हे ठरलेलं औषध आहे. चिरेतून चिकट स्राव येत असेल तर 'ग्रॅफायटिस' देतात. पेट्रोलियम ३० सहा आठवडे घेऊन पाहिलं. मलम चालू असलेले हात बरे राहिले, मलम बंद केलेल्या आठवड्यात गोळ्या चालू असूनही फाटले. कारण समजायला अवघड नाही. ३० शक्ती म्हणजे शंभरात एक असं विरळ करणं सलग तीस वेळा. साधारण बाराव्या पायरीनंतरच मूळ पदार्थाचा एखादा कण उरण्याची शक्यता संपत येते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कुठल्याही आजारात नाही, असं म्हटलं. हाताच्या चिरांपुरतं बोलायचं, तर ज्या खनिज तेलावरून गोळीला नाव मिळालं, त्याच तेलापासून काढलेली जेली त्वचेवर काम करते आणि बाटलीतल्या साखरेच्या गोळीत ते तेल उरलेलंच नसतं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी गोळ्या जरूर घ्याव्यात, पण मलम सोडू नये.

मूळ अर्काची बाटली, म्हणजे कॅलेंड्युला क्यू, थेट त्वचेवर ओतू नका. त्यात अल्कोहोल असतं, फाटलेल्या त्वचेवर आग होते आणि कोरडेपणा वाढतो. खरचटलेलं धुवायचं असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात एकास दहा या प्रमाणात घ्या. अर्निका हे होमिओपॅथीतलं दुसरं वनस्पतीचं औषध तर फाटलेल्या त्वचेवर लावूच नये, ते फक्त मुक्या मारासाठी.

एक धोका महाराष्ट्रात विशेष आहे. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नजरेत भरलं आणि आज प्रत्येक बांधावर आहे. ते, शेवंती, कॅमोमाइल, अर्निका आणि कॅलेंड्युला सगळी सूर्यफुलाच्या कुळातली. ज्यांच्या पापण्या, मान आणि कोपरांच्या घड्या गाजरगवताने लाल होऊन खाजतात, त्यांना कॅलेंड्युलाही चढू शकतं. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावून पाहा. एका रात्रीच्या चाचणीवर भरवसा ठेवू नका, अ‍ॅलर्जी बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठते.

टाचांसाठी कोकमतेलाला तोड नाही. काही भागांत याला मुठेल म्हणतात. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात. वर येणारा तवंग काढून थिजवतात आणि मुठीत दाबून गोळे करतात. तेल म्हटलं तरी घरातल्या तापमानाला ते मेणासारखं घट्ट असतं. ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून टाचेवर लावल्यावर ओघळत नाही, भेगेत बसून राहतं. कोकणातला घरगुती गोळा करडा आणि धुराचा वास असलेला असतो, दुकानातला शुद्ध केलेला पांढरा. गुण दोन्हींचा सारखाच, पण घरगुती गोळ्यात बियांची कचकच असते, तेव्हा वितळवून मलमलीतून गाळावा.

रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, मऊ झालेली मेलेली कातडी वज्रीने हलकेच घासायची, पाय टिपायचे. गरम पाण्यावर वाटी ठेवून चमचाभर किसलेलं कोकमतेल वितळवायचं, बोटाला सोसेल इतकं झालं की भेगेत भरायचं आणि सुती मोजे चढवायचे. जाड भेगा मऊ व्हायला दहा-बारा रात्री गेल्या. चौथ्या रात्रीच 'काही होत नाही' म्हणून सोडू नये. भेगेतून रक्त येत असेल तर घासणं बंद, फक्त मलम. मधुमेह असेल तर वज्री आणि ब्लेड दोन्ही दूर ठेवून भेग डॉक्टरांना दाखवा.

हातापायांना रोज लावायला १० ग्रॅम कोकमतेल आणि ३० मिलिलिटर तिळाचं तेल असं मिश्रण बरं पडलं. ते वितळवून तसंच ओट्यावर हळूहळू थिजू दिलं तर रवाळ होतं, त्वचेवर दाणे लागतात. वाटी थंड पाण्यात धरून सतत ढवळत थिजवलं की लोण्यासारखं येतं. जानेवारीच्या कडाक्यात हेच मिश्रण दगड झालं, तेव्हा कोकमतेल ७ ग्रॅमवर आणलं.

शतधौत घृत मेहनतीचं आहे, आणि त्या मेहनतीचं चीज होतं. ५० ग्रॅम गाईचं तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, त्यावर साधारण तेवढंच गार पाणी आणि तळहाताने गोल फेटायचं. पाणी गढूळ झालं की काढून नवं घालायचं. असं शंभर वेळा, अडीच-तीन तास. पहिल्या दहा-पंधरा धुण्यांत तूप नुसतं निसटत राहतं. तिशीच्या पुढे रवा मोडतो, पिवळेपणा जातो, तूप पाणी धरायला लागतं. शेवटी हाताखाली पांढरीशुभ्र, हलकी साय उरते, तिला तुपाचा वासही जेमतेम. पाणी कोमट असेल तर तूप वितळून परातीला चिकटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नेहमी होणारी दुसरी चूक म्हणजे पाणी नीट न निथळणं. त्यात पाणी राहिलं की आठ दिवसांत आंबूस वास येतो. तांब्यात साठवूही नये, तांब्याने तूप लवकर खवट होतं. छोट्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, कोरड्या चमच्याने काढत महिन्याभरात संपवा. हिवाळ्यात लाल, चुरचुरणाऱ्या गालांवर रात्री वाटाण्याएवढं पुरतं. तेलकट, मुरुमं येणाऱ्या त्वचेला देऊ नये.

ग्लिसरीन आणि गुलाबपाणी एकास तीन असंच ठेवा. नुसतं ग्लिसरीन कोरड्या हवेत त्वचेच्या आतलंच पाणी ओढतं आणि ओठ आणखी फाटतात. उटणं आणि डाळीचं पीठ दिवाळीनंतर आठवड्यातून एकदाच, तेही अंगाला तेल लावून, सायीत कालवून. कोरफडीचं पान कापलं की दहा-पंधरा मिनिटं उभं धरून पिवळा चीक गळू द्या, खाज त्या चिकाने येते, गराने क्वचित.

आता ऊन, कारण खरं नुकसान तिथे होतं. 'हिवाळ्यात सनस्क्रीन कशाला' हा सल्ला लंडनसारख्या ठिकाणी चालेल, इथे नाही. २२ डिसेंबरच्या दुपारी लंडनला सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर असतो, नाशिकला त्याच दुपारी ४६ अंशांवर. गारव्यामुळे चटका कळत नाही, अतिनील किरण मात्र येतच असतात. महाबळेश्वरसारख्या साधारण १,३५० मीटर उंचीवर ते आणखी वाढतात, दर हजार मीटरला सुमारे १० टक्के. हिमाचलात ताज्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत किरण परततात, म्हणून तिथे हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्याही भाजतात.

कॅलेंड्युला, कोरफड किंवा गाजराच्या बियांचं तेल 'सन केअर' म्हणून विकलं जातं. डब्यावर एसपीएफचा (मुख्यतः अतिनील-बीपासून संरक्षणाचा) आकडा आणि पीएची (अतिनील-एपासून संरक्षणाची) खूण नसेल तर ते सनस्क्रीन नाही. नारळाच्या तेलाचा एसपीएफ प्रयोगशाळेत ७-८ भरतो, त्यावर दुपारभर द्राक्षबागेत काम करता येत नाही. खनिज सनस्क्रीन हवं असेल तर झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा ५० घ्या. ३० ने सुमारे ९७ टक्के अतिनील-बी अडतात, ५० ने ९८, म्हणजे आकड्यापेक्षा किती लावता हे महत्त्वाचं. तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून महिनाभरात संपायला हवी. चार महिने पुरली तर लावलेलं कमी पडलं. झिंकची पूड आणून घरच्या क्रीममध्ये कालवू नका, गुठळ्या होतात आणि मधली त्वचा उघडी राहते.

गव्हाळ-सावळ्या रंगावर झिंक राखाडी दिसतं, ही तक्रार खरी आहे. आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत सनस्क्रीन घेतलं की राखाडीपणा जातो, आणि वांग असलेल्यांना दृश्य प्रकाशापासूनही थोडा आडोसा मिळतो. कोकमतेल किंवा घृत लावून त्यावर सनस्क्रीन बसत नाही, घसरून गोळे होतात. जड स्निग्ध पदार्थ रात्रीचे ठेवा. सकाळी पातळ लोशन, पाच-दहा मिनिटं थांबून सनस्क्रीन, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. काळवंडलेल्या त्वचेवर लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबातल्या द्रव्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखे पट्टे उठतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात.

'हर्बल' म्हणून बिनलेबलच्या डबीतून मिळणारं क्रीम चार दिवसांत चेहरा उजळवत असेल तर ते लगेच थांबवा. त्यात स्टेरॉइड असू शकतं. उन्हात आग, पातळ लाल त्वचा, आणि क्रीम बंद केल्यावर उसळी मारणारं पुरळ ही त्याची लक्षणं. अशा वेळी डबी घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

फेब्रुवारी सरला की उरलेलं घृत टाकून द्यावं. कोकमतेलाचा गोळा कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवला तर पुढच्या कार्तिकापर्यंत टिकतो, फक्त काढल्यावर आधी वास घ्यावा.