डोळे आलेत: अँटिबायोटिक ड्रॉप्स की कृत्रिम अश्रू?

डोळे आले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मेडिकलमधून अँटिबायोटिक ड्रॉप्स आण आणि मोकळा हो. दुसरा म्हणतो, गार पाण्याच्या घड्या ठेव, कृत्रिम अश्रूंचे, म्हणजे डोळा नुसता ओला ठेवणारे, थेंब घाल, आले तसे जातील. मी वेगवेगळ्या साथींत दोन्ही करून पाहिलंय.

अँटिबायोटिकची बाजू लंगडी नाही. पू जाड, पिवळा-हिरवा असेल आणि पुसला तरी दिवसभर येत असेल, तर संसर्ग बहुधा जिवाणूंचा. तिथे हे थेंब दुखणं जरा लवकर आटोपतात. पण पावसाळ्यातली साथ बहुतेकदा विषाणूची असते. जुलै २०२३ मध्ये आळंदीत हजारोंचे डोळे आले, तीही तशीच. विषाणूपुढे अँटिबायोटिकचं काही चालत नाही. सकाळी पापण्या चिकटल्या म्हणून लगेच निदान करू नका, त्या दोन्हींत चिकटतात.

एवढं कळूनही 'असू दे, घातलेलं बरं' म्हणून मी ते घालत राहिलो असतो. नडली ती चव. क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचा थेंब डोळ्यात पडतो, अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून थेट घशात. जहाल कडू! दर काही तासांनी तेच. चहा कडू, आमटी कडू, जिभेला दुसरं काही सुचतच नाही. डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरला की कमी उतरतं म्हणे, आणि खरंच कमी उतरतं. पण सुजलेल्या डोळ्यापाशी बोट न्यायलाच जिवावर येतं.

कृत्रिम अश्रूंची बाटली मी फ्रिजमध्ये ठेवायचो. गार थेंब पडला की खडे टोचल्यासारखं खुपणं निदान थोडा वेळ थांबायचं. याने आजार बरा होत नाही, हे मान्य. तो एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, आपल्या चालीने जातो. वर घरच्यांचं 'नुसतं पाणी काय घालतोस?' ऐकून घ्यावं लागतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालणार असाल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मागा, थोडे महाग पडतात. बाटली मात्र ज्याची त्याला.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं तर कडू लागलं तरी पूर्ण करावं. पण साध्या साथीत माझा हात फ्रिजकडेच जातो. स्टेरॉइड मिसळलेले ड्रॉप्स मात्र कुणी काउंटरवरून सहज पुढे केले तरी घेऊ नका. नागिणीच्या जातीचा विषाणू बुबुळावर असेल तर ते डोळ्याचं कायमचं नुकसान करू शकतात. आणि डोळा खोल ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल किंवा बाळ तान्हं असेल, तर ही तुलना बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.