जुन्या गाडीतला वास शोधायचा कशाने: नाक, डिटेक्टर, साबणाचं पाणी की स्मोक मशीन?

कार्बोरेटरच्या गाडीत थोडा वास यायचाच, असं सांगून अनेकजण विषय मिटवतात. मला ते मुळीच पटत नाही. बसणाऱ्याचं डोकं धरेल असा वास गाडी नवी असताना येत नव्हता. आता येतोय, म्हणजे काहीतरी गळतंय.

साधन निवडण्याआधी वास कशाचा ते ठरवा. कच्च्या पेट्रोलचा वास बंद गाडीलाही येतो, धुराचा मात्र इंजिन चालू असतानाच. फसायला होतं ते चोक (कार्बोरेटरची हवा अडवणारी झडप) अडकला की. मिश्रणात पेट्रोल जास्त झाल्याने धुरालाच पेट्रोलचा वास येतो आणि माणूस टाकी खोलून बसतो.

पेट्रोलसाठी माझं पहिलं मत नाकाला, कारण वास कधी येतो यातच अर्धं उत्तर असतं. टाकी फुल केल्यावर किंवा वळणावर आला तर फिलरची रबरी नळी, टाकीवरच्या फ्लोट युनिटचं (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाचं) गॅस्केट किंवा हवेची नळी बघा. गरम इंजिन बंद केल्यावर आला तर कार्बोरेटर. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास असेल, तर मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटल्याची शंका घ्या आणि त्या ऑइलवर गाडी चालवू नका. नाकाचा दोष एवढाच की ते काही मिनिटांत सरावतं, म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला वास घ्यायला सांगा.

ज्वलनशील वायूचा डिटेक्टर सरावत नाही आणि डिकीच्या अस्तरामागेही पोचतो. पण वाफ बॉनेटखाली पसरली की तो सगळीकडेच वाजतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तेव्हा आधी गाडी उघड्यावर आणा, वारा लागू द्या आणि मग खालून वर तपासा. यूव्ही डाय, म्हणजे अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग, फक्त ओली गळती दाखवतो. नुसती वाफ सुटत असेल तर त्याचा उपयोग नाही.

धुराच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. थंड गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअर लावायचा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं, हा जवळपास फुकटचा उपाय. बुडबुडे आले की जागा सापडली. मात्र पाइपची वरची बाजू आणि मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या पाइपांची) मागची बाजू हाताला लागत नाही. तिथे पाइपमध्ये धूर सोडून गळती दाखवणारं स्मोक मशीन सरळ सरस ठरतं. थंड इंजिनाची टिकटिक गरम झाल्यावर थांबत असेल, तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटपासूनच सुरुवात करा. पेट्रोलच्या टाकीत मात्र घरच्या घरी धूर सोडू नका. हवा आणि वाफ मिळून पेट घेणारं मिश्रण होतं; ते काम नायट्रोजन वापरणाऱ्या जाणकाराचं.

आणि कधीकधी पाइप ठणठणीत असतो! चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो, धूर तिथेच घुटमळतो आणि डिकीच्या रबरातून, मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून आत ओढला जातो. खिडकी उघडल्यावर वास वाढला तर हेच समजा. इथे महागडं यंत्र लागत नाही. डिकीच्या रबरात कागदाची पट्टी धरून झाकण लावा. पट्टी अलगद निघाली तर तिथे फट आहे. अंधारात डिकीत टॉर्च लावून ठेवला तरी उजेड फट दाखवतो.

एक वस्तू तुलनेबाहेर ठेवतो: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. धुरातल्या या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे वास कमी झाला म्हणजे धोका कमी झाला असं होत नाही. अलार्म आजच घ्या, शोध नंतर करा.

पैसे मोजून घ्यायचेच असतील तर आधी अलार्म, मग डिटेक्टर. स्मोक मशीन विकत घेऊ नका, गॅरेजमध्ये एकदा तपासून घ्या. आणि एक जरी नळी तडकलेली सापडली तरी सगळ्या बदला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आतून खातं, त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या नळीवर भरवसा ठेवता येत नाही.