पेशीविभाजनाचा स्लाइड-संच : घेण्याजोगा, पण पेटीवरील मजकुरावर जाऊ नये

अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांसाठी मी गेल्या जूनमध्ये कोल्हापुरातील एका दुकानातून पेशीविभाजनाच्या बारा कायमस्वरूपी स्लाइड्सचा संच घेतला. पेटीवर ‘पेशीकंकाल प्रत्यक्ष पाहा’ असे ठळक छापले आहे आणि माझी पहिली तक्रार तीच आहे. पेशीच्या या सांगाड्यातील सूक्ष्मनलिका सुमारे २५ नॅनोमीटर जाडीची, तर ॲक्टिन या प्रथिनाचा तंतू जेमतेम ७ नॅनोमीटरचा असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला मात्र सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. वनस्पतिपेशीतील सूक्ष्मनलिका लेडबेटर आणि पोर्टर या संशोधकांनी १९६३ मध्ये दाखवल्या, त्याही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. या संचात दिसतात त्या विभाजनाच्या वेळी बनणाऱ्या नलिकांच्या जुड्या, म्हणजेच गुणसूत्रांना ओढून वेगळे करणारे तर्कुतंतू. आणि तेही काही थोडे नाही.

कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड उत्कृष्ट आहे. छेद पातळ असून रंग एकसारखा बसला आहे, आणि मध्यावस्थेतील पेशीत ओळीने उभ्या गुणसूत्रांच्या दोन्ही अंगांना जाणाऱ्या फिकट रेघा विद्यार्थ्यांना न सांगता सापडतात. तिच्याशेजारी व्हाइटफिश माशाच्या भ्रूणाची स्लाइड ठेवली की संचाची किंमत वसूल होते. माशाच्या पेशीत दोन्ही ध्रुवांवर ताऱ्यासारखी किरणे फाकलेली दिसतात, कारण तिथे सूक्ष्मनलिका जिथून फुटतात ती तारककेंद्रे असतात. कांद्यात ती नसल्यामुळे तारेही नसतात. पुढे माशाची पेशी ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या कड्याने कडेकडून आत आवळली जाऊन दुभंगते, तर कांद्याच्या पेशीत सूक्ष्मनलिकांच्या आधाराने नवी भित्तिका मधोमध सुरू होऊन कडेकडे वाढत जाते.

दुर्दैवाने माशाचीच स्लाइड सदोष निघाली. काचपट्टीखाली बुडबुडा होता आणि रंग उडालेला होता. “सर, पावसाळ्यात असं हुतंयच की,” असे म्हणून दुकानदारांनी हात झटकले. दुसऱ्या खेपेला मात्र ती बदलून दिली.

कोल्चिसिन दिलेल्या मुळाची स्लाइड सर्वांत बोलकी असूनही माहितीपत्रकात तिच्यासाठी एकच ओळ आहे. हे द्रव्य सूक्ष्मनलिका ज्यापासून बनतात त्या ट्युबुलिन या प्रथिनाला चिकटते, नलिका जुळूच देत नाही, आणि तर्कुतंतूंअभावी गुणसूत्रे पेशीभर विखुरलेली राहतात. आपल्याकडे पावसाळ्यात झुडपांवर चढून फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच विष असते. ती फुले ओळखणाऱ्या मुलांना एवढे सांगितले की ती स्लाइडवरून डोळा काढत नाहीत.

ॲक्टिनचे काम दाखवणारी एकही स्लाइड संचात नाही, आणि मृत पेशीत ते दिसणेही अवघडच. त्यासाठी मी मत्स्यटाकीतील हायड्रिलाचे पान पाण्याच्या थेंबात ठेवून थोडा वेळ दिव्याखाली ऊब देतो. मग हरितलवके पेशीच्या कडेने रांगेत सरकू लागतात. ॲक्टिनच्या रुळांवरून चालणारे मायोसिन पेशीद्रव्याला ओढत असते, त्याचा हा प्रवाह. पेशीद्रव्याची अशी हालचाल कोर्ती या इटालियन शास्त्रज्ञांनी १७७४ मध्येच नोंदवली होती. फुकटात होणारा हा प्रयोग निर्मात्यांनी माहितीपत्रकात द्यायला हवा होता.

कनिष्ठ महाविद्यालयांनी हा संच जरूर घ्यावा. मात्र दुकानातच सूक्ष्मदर्शक मागून घेऊन निदान माशाची स्लाइड तपासूनच पैसे द्यावेत.